दुसरा मॉनिटर लावल्यापासून

गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बंगळुरूला बदली झाली आणि जाताना त्याने आपला जुना मॉनिटर मला देऊन टाकला. तो मी घरी आणून माझ्या मोठ्या मॉनिटरच्या शेजारी टेबलावर लावला, आणि त्या रविवारपासून माझा फुटबॉल बिघडला.

फुटबॉल म्हणजे कॉम्प्युटरवरचा. मी छत्तीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस. दिवसभर एका कंपनीत इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करतो. आणि दर रविवारी सकाळी अकराला पुण्यात नऱ्ह्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून फुटबॉलचा गेम खेळतो, खेळता खेळता त्याची कॉमेंट्री करतो, आणि ते सगळं इंटरनेटवर थेट दाखवतो. चाळीस-पन्नास माणसं बघायला येतात. खेळासाठी येत नाहीत, कारण खेळतो मी बेताचाच. ती येतात बोलण्यासाठी. मी कॉमेंट्री वऱ्हाडीत करतो.

हे ठरवून झालं नव्हतं. मी मूळचा वाशिम जिल्ह्यातला, तालुक्याच्या गावचा. इंजिनिअरिंगला पुण्याला आलो त्याला आता अठरा वर्षं होतील. सुरुवातीला कॉमेंट्री मी शुद्ध मराठीत करायचो आणि चार लोक बघायचे. एकदा माझ्याच गोलरक्षकाने सोपा चेंडू सोडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अबे, चेंडू होता का गरम भजा होता थो?" बघणाऱ्यांत एकजण यवतमाळचा निघाला. त्याने त्याच्या मित्रांना आणलं, त्यांनी त्यांच्या. पुण्यात, हैदराबादेत, कुठे कुठे नोकरीला असलेली आपल्याकडची पोरं रविवारी अकराला गोळा व्हायला लागली. त्यांचे मेसेज मी आधी मोबाईलवर वाचायचो. मान खाली घातली की इकडे गोल व्हायचा. म्हणून दुसरा मॉनिटर. एकावर खेळ, दुसऱ्यावर मेसेज, आणि प्रक्षेपण करणाऱ्या प्रोग्रामची खिडकी.

बिघाड असा होता की सगळं व्यवस्थित चाललेलं असताना मध्येच चित्र अडखळायचं. धावणारा खेळाडू क्षणभर थिजायचा आणि पुढच्या क्षणी चार पावलं पुढे दिसायचा. नुसताच खेळलो, प्रक्षेपण केलं नाही, तर काही नाही. प्रक्षेपण केलं आणि दुसरा मॉनिटर लावलेला नसला, तरी काही नाही. दोन्ही एकत्र आले की झटके. बघणारे विचारायचे, भाऊ, तुमचा माणूस जागीच का उभा राहिला.

मी सुचेल ते केलं. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. गेम काढून पुन्हा टाकला. कॅबिनेट उघडून धूळ झाडली. एका शनिवारी बुधवार पेठेत जाऊन नवी केबल आणली. दुकानदाराला विचारलं, याने अडखळणं थांबेल ना? तो बिल लिहिता लिहिता म्हणाला, "केबल केबलचं काम करेल. तुमचं तुम्ही बघा." ही सगळी कामं मी एकाच शनिवार-रविवारी केली. ऑफिसात कुणी असं चार गोष्टी एकदम बदलून माझ्याकडे आला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

माझी बायको पुण्याचीच. तिने दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आधी एका पडद्यावर हरत होतास, आता दोन लागतात." आणि निघून गेली.

त्याच सुमाराला बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून ते गावी एकटेच असतात. सारी नोकरी त्यांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून केली. येऊन राहायला ते कधी तयार नसत. या वेळी उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं तेव्हा आले. ऑपरेशन नीट झालं. पण वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यांवर ताण नको, असं बजावून सांगितलं होतं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, तो अजून काढायचा होता. त्यामुळे काळा चष्मा लावून दिवसभर बसायचं, आणि आम्ही वेळ पाळून थेंब घालायचे, एवढंच. हाताला कधी आराम न दिलेल्या माणसाला ही शिक्षाच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाची गळती नुसती बोटांनी चाचपून बंद केली.

माझ्या गेमबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. म्हणजे बरंही म्हटलं नव्हतं. गावी कुणी विचारलं तर सांगायचे, कॉम्प्युटरवर काहीतरी करत असतो.

ऑपरेशननंतरच्या रविवारी अकराला ते मागच्या खोलीतल्या पलंगावर भिंतीला टेकून बसले. बाहेर एकटं बसून कंटाळा आला, म्हणाले. मी सुरू केलं, आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी शुद्ध बोलतोय. खेळाडूने सुरेख पास दिलेला आहे, बचावफळी विस्कळीत झालेली आहे, वगैरे. वऱ्हाडी जिभेवर यायची आणि मागे बाबा आहेत म्हणून परत जायची. असं का व्हावं ते मला कळेना. ती तर त्यांचीच भाषा. दुसऱ्या पडद्यावर मेसेज आला, भाऊ, तब्येत बरी नाही का. दुसऱ्याने लिहिलं, आज भाऊ बातम्या देऊन राह्यले. त्याखाली हसणारी, गडबडा लोळणारी चित्रं एकामागून एक पडली. मी हसलो आणि तेवढ्यात चित्र अडखळलं. तासाभरात असं दहा-बारा वेळा झालं. कसंबसं आवरतं घेतलं.

मी हेडफोन काढल्यावर बाबांनी विचारलं, "हे झटके केव्हा खाते?"

मी सांगितलं की ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय बहुतेक, नवं घ्यावं लागेल.

"थे नाही इचारलं. केव्हा खाते?"

मी म्हणालो, मध्येच कधीतरी. मग त्यांनी त्यांच्या वर्कशॉपचं सांगितलं. ड्रायव्हर यायचा आणि म्हणायचा, क्लच गेला. आपण हो म्हणून क्लच उघडला की दुपार गेली. ड्रायव्हरला निदान विचारायचंच नाही. गाडी काय करते ते विचारायचं: चढावर करते की उतारावर, भरलेली असताना की रिकामी, सकाळी की ऊन तापल्यावर. बिघडलं काय ते आपण शोधू. हे मी ऑफिसात नव्या पोरांना जवळजवळ ह्याच शब्दांत शिकवतो. मला वाटायचं, ते मी पुण्यात शिकलो.

मग ते म्हणाले, "डोळे बंद करून बसलो होतो मी. झटका यायच्या आधी त्या डब्यातला पंखा जोरात फिरते. अन् पंखा चढाच्या आधी तू हासतं."

हसतो मी मेसेज वाचून. म्हणजे मेसेज आले की पंखा चढत होता, आणि पंखा चढला की खेळ अडखळत होता. तीन महिने मी दर रविवारी त्या पडद्यांकडे डोळे फाडून बघत होतो.

सोमवारपासून आम्ही संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, कामाला लागलो. बाबांची अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदललं की लिहायचं. कागद म्हणून मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून घेतलं. दुसरा मॉनिटर लावला पण त्यावर काहीच उघडलं नाही: पंखा शांत, खेळ सरळ. प्रक्षेपणाचा प्रोग्राम उघडला: पंखा जरा चढला, खेळ सरळ. त्या प्रोग्राममध्ये मीच खेळत असलेला खेळ पुन्हा छोटा दिसतो, तो बंद केला: पंखा थोडा उतरला. मेसेजचं पान उघडलं: काही नाही. बाबा प्रत्येक वेळी हात वर करून गप्प राहायला सांगायचे, ऐकायचे आणि मग मान हलवायचे. मला पंख्यातला फरक निम्म्या वेळा कळायचाच नाही.

अडचण अशी होती की पान नुसतं उघडून उपयोग नव्हता, त्यावर मेसेज यायला हवे होते, आणि ते रविवारसारखे भराभर. म्हणून बुधवारी मी बाहेरच्यांना दिसणार नाही असं प्रक्षेपण सुरू केलं, आणि बायको आणि बाबा हॉलमध्ये आपापले मोबाईल घेऊन बसले. बायकोने लोळणाऱ्या, नाचणाऱ्या चित्रांचा मारा सुरू केला. बाबांना टाइप करता येत नव्हतं, म्हणून तिने त्यांना मोबाईलशी बोलून मेसेज पाठवायला शिकवलं. आपण बोलायचं, तो लिहितो. आधी ते नुसते एक, दोन, तीन, चार म्हणत होते. माझ्यासमोर दुसऱ्या पडद्यावर आकडे उमटत होते. चित्रं आली की खेळ अडखळायचा. नुसते आकडे आले की नाही. तिसऱ्यांदा करून पाहिलं तरी तेच. मी पानावर लिहिलं, हलणारी चित्रं.

तेवढ्यात पडद्यावर बाबांच्या नावाने एक वाक्य आलं: तू त्या लोकांशी छान बोलतोस.

मग दुसरं आलं: माझ्याशी असं बोलत नाहीस.

बाबा "बोलतोस" म्हणत नाहीत, "नाहीस" तर कधीच नाही. ते वऱ्हाडीतच बोलले असणार आणि मोबाईलने ते परस्पर शुद्ध करून पाठवलं होतं. पडद्यावर ते वाचताना माझ्या वडिलांचं बोलणं दुसऱ्याच कुणीतरी मला सांगितल्यासारखं वाटलं.

मी हॉलमध्ये गेलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकते म्हणून उठली. नंतर तिच्याकडून कळलं की दुपारभर बसून कंटाळतात म्हणून ती दोन-तीन दिवस त्यांना माझ्या जुन्या रविवारांची रेकॉर्डिंगं लावून देत होती. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. डोळे मिटून ते नुसते ऐकत होते आणि मध्ये मध्ये हसत होते. एकदा तिने विचारलं, भज्याचं काय ते? तर म्हणाले, हे ह्याच्या आजीचं बोलणं आहे.

मी बाबांच्या शेजारी बसलो. काय बोलावं आणि कशात बोलावं, दोन्ही सुचत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "बाबा, तुम्हीच सांगितलं होतं. पुण्याला निघताना एसटी स्टँडवर मला सोडायला आला होतात तेव्हा. तिथे आपलं बोलू नको, लोक हसतात, असं."

ते खरं होतं. आणि लोक हसलेही होते. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून मी "मले नाही समजलं" म्हणालो होतो आणि मागचा बाक हसला होता. दुष्टपणाने नाही, त्यातले दोघे पुढे माझे चांगले मित्र झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत मी शब्द निवडून निवडून बोलायला शिकलो, आणि नंतर निवडायचीही गरज राहिली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईने शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं, पुण्याचं बोलते आता. बाबा तेव्हाही काही म्हणाले नव्हते.

त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट केला. मग म्हणाले, "हाव, सांगतलं होतं. थे बाहीरच्यासाठी सांगतलं होतं. तू घरातबी तसाच आला."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. तेच पुढे म्हणाले की डेपोत मुंबईहून कुणी साहेब आला की तेही चांगलं बोलायचे, साहेब, गाडी तयार आहे, असं, आणि साहेब गेला की हात पुसावेत तसं ते पुसून टाकायचे. त्यांना वाटलं होतं मीही तसंच करेन. पोराला ते पुसता आलं नाही, की पुसावंसं वाटलं नाही, हे त्यांना इतकी वर्षं कळलं नव्हतं, आणि विचारायचं कसं तेही. मोबाईलशी बोलताना समोर कोणी नव्हतं, म्हणून बोलून गेले.

त्या दिवशी मी बिघाडाचं पुढे काही केलं नाही.

गुरुवारी उरलेलं शोधलं. ब्राउझर ती हलणारी चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देत होता. कार्ड आधीच खेळात बुडालेलं, त्यात प्रक्षेपणाचं काम, आणि वरून ही चित्रं. ब्राउझरमध्ये ती सोय बंद करायचं एक बटण असतं. ते बंद केलं आणि झटके बरेच कमी झाले. पण पूर्ण गेले नाहीत. बाबांनी विचारलं, हे तुझं मशीन खेळताना किती जोर लावतं? मी आकडा बघून सांगितलं, जवळजवळ सगळा. खेळ सेकंदाला जितकी चित्रं काढू शकेल तितकी काढत होता, त्याला कुणी थांबवलंच नव्हतं.

"मग दुसरं काम कायच्यावर करन ते? घाटात पूर्ण रेस देऊन ठेवतं का कोणी? इंजिनात जरा दम ठेवा लागते."

मी खेळाला मर्यादा घातली. माझा मोठा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतो. मी खेळ एकशे वीसवर बांधला. तो फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही. पंखा मात्र एका जागी स्थिर झाला, तो मलाही ऐकू आला. बायकोला पुन्हा चित्रांचा मारा करायला सांगितला. तिने दहा मिनिटं केला, आणि मग विचारलं की आता बोटं दुखतात, पुरे का. खेळ सरळ चालला होता. बाबांनी कॅलेंडरचं पान मागून घेतलं, चांगल्या डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि खाली तारीख टाकायला लावली.

रविवारी ते परत पलंगावर येऊन बसले. मी त्यांना सांगितलं होतं की बाहेर बसलात तरी चालेल. ते म्हणाले, पंखा ऐकायचा आहे. सुरुवातीची वाक्यं फार जड गेली. पाठीमागे ते आहेत हे मला मानेत जाणवत होतं. मी वऱ्हाडी बोलत होतो आणि ते सोंगासारखं वाटत होतं, आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की दर रविवारी ते थोडंसं सोंगच असतं. लोक हसावेत म्हणून मी ते जरा जास्तच चढवतो. घरी आई असं बोलत नव्हती. ती साधंच बोलायची.

मग एका जागी मी काहीतरी चुकीचं म्हणालो. चेंडू दोन बचावपटूंच्या मधून गेला त्याला मी पुण्याकडचं "मधी" म्हटलं. मागून आवाज आला, "मधात." तो माईकमध्ये गेला. पडद्यावर लगेच विचारणा सुरू झाली, हा कोण. मी सांगितलं, बाबा आहेत. त्यावर नमस्कारांची रांग लागली, आणि अमरावतीच्या एकाने लिहिलं, काका, ह्याला शिकवा नीट. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा माईकपाशी येऊन म्हणाले, येते त्याले, फक्त इसरला हाये. एवढंच बोलले आणि जाऊन बसले. त्या दिवशी मी चार गोलांनी हरलो. एकदाही अडखळलं नाही.

महिन्याने डोळा तपासून झाला, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं. मी रजा काढून त्यांना गावी सोडायला गेलो. रेल्वेत ते खिडकीतून बाहेर बघत होते, उजव्या डोळ्याने, आणि मधून मधून स्टेशनांवरच्या पाट्या वाचून दाखवत होते. त्यांना दिसतंय हे मला कळावं म्हणून.

आता आम्ही एक दिवसाआड फोनवर बोलतो. मी वऱ्हाडीत सुरू करतो. पहिली दोन वाक्यं नीट निघतात, मग ऑफिसचं काही सांगायची वेळ आली की शब्दच सापडत नाहीत, कारण ते काम मी कधी त्या भाषेत केलेलंच नाही. मग अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं असं काहीतरी होतं. बाबा ते दुरुस्त करत नाहीत. परवा मी विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं? म्हणाले, हिवाळ्यात येईन. मग विचारलं, तुह्या मशीनचं कसं चालू हाये? मी म्हटलं, चांगलं चालू हाये, बाबा. ते म्हणाले, बरं, आणि त्यांच्याकडे गॅसवर भाजी होती म्हणून फोन ठेवला.